राखाडी दात, पिवळे दात आणि दहा व्हेनिअरचे पॅकेज

गेल्या मार्गशीर्षात, द्राक्षांचा निर्यात-हंगाम सुरू होण्याच्या बेतात असताना, परदेशी खरेदीदारांबरोबरच्या एका व्हिडिओ-बैठकीत कोणीतरी काही गमतीचे बोलले, मी मनापासून हसले आणि पडद्याच्या कोपऱ्यातील छोट्या चौकटीत मला माझेच हसू दिसले. वरच्या दोन मधल्या पटाशीच्या दातांपैकी डावा दात राखाडी होता, बाकीचे पिवळसर होते, आणि हसता हसता माझा उजवा हात आपोआप तोंडाकडे निघाला होता. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी प्रतवारीचे काम पाहते. मण्याचा रंग तक्त्याशी पडताळून, व्यास मिलिमीटरमध्ये आणि गोडी ब्रिक्समध्ये मोजून, कोणता घड पेटीत जाईल आणि कोणता बाजूला पडेल हे सांगण्यात माझे दिवस जातात. पण स्वतःच्या तोंडातील या दातांकडे मी सत्तेचाळीस वर्षांत एकदाही तशा नजरेने पाहिले नव्हते.

तोंडावर हात ठेवण्याची सवय जुनी आहे. इयत्ता सहावीत असताना रामकुंडाजवळच्या ओल्या पायऱ्यांवर मी घसरले होते आणि तोंड दगडावर आपटले होते. दात पडला नाही, ओठाला दोन टाके पडले, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून तो विषय संपवला. दाताचा रंग पुढच्या काही वर्षांत इतक्या सावकाश बदलला की तो नेमका कधी राखाडी झाला, हे आई आणि मी दोघीही सांगू शकत नाही.

बैठकीनंतरच्या रविवारी मी शहरातील एका चकचकीत दवाखान्यात गेले. तेथे माझा फोटो काढण्यात आला, दहा मिनिटांत संगणकाच्या पडद्यावर त्याच चेहऱ्याला नवे दात लावून दाखवण्यात आले, आणि वरच्या दहा दातांवर व्हेनिअर, म्हणजे पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ कवच, बसवण्याचे, दीड लाखाच्या थोडे वरचे, पॅकेज माझ्यापुढे ठेवण्यात आले. पडद्यावरचे ते दात कोऱ्या कागदासारखे पांढरे होते आणि सगळे एकाच मापाचे होते. मी अनामत रक्कम भरण्याच्या अगदी जवळ पोहोचले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मला थांबवले ते दहा या आकड्याने. दहाच का, असे मी विचारले, तेव्हा हसताना तेवढे दिसतात, असे उत्तर मिळाले. राखाडी दाताचे काय, असे विचारले, तेव्हा तोही झाकला जाईल, असे सांगण्यात आले. तोपर्यंत कोणी एक्स-रे काढला नव्हता, हिरड्यांना हात लावला नव्हता, आणि तो दात राखाडी का झाला असेल, हा प्रश्न त्या खोलीत माझ्याखेरीज कोणाला पडलेला दिसला नाही.

आमच्याकडे डागाळलेला माल आला की आम्ही आधी डाग कशाचा आहे ते पाहतो. उन्हाचा चट्टा वेगळा, मिलीबग किडीचा चिकटपणा वेगळा, हाताळणीतला दाब वेगळा. तिन्हींत मणी खराबच दिसतो, पण पुढे काय करायचे हे कारणावरून ठरते. दातांच्या बाबतीत मी ही साधी शिस्त विसरून थेट वेष्टनाचा भाव विचारायला गेले होते.

म्हणून घरी येऊन मी एक यादी केली. गॅलरीत सकाळच्या उजेडात, ऊन थेट तोंडावर येणार नाही अशा जागी बसून मुलाकडून तीन फोटो काढून घेतले: ओठ सैल सोडलेले, हलके स्मित, आणि खळखळून हसणे, शिवाय बोलतानाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. न्हाणीघरातल्या आरशात आपण नेहमी एकाच ठरलेल्या कोनातून, दात दाखवण्यासाठी ओठ ताणून पाहतो, आणि समोरच्या माणसाला आपण तसे कधीच दिसत नाही. बैठकीच्या वेळी खिडकी माझ्या पाठीशी होती आणि चेहऱ्यावर पिवळा दिवा होता, त्यामुळे दात होते त्याहून पिवळे दिसले होते, हेही या फोटोंतून लक्षात आले. यादीत शेवटी चारच गोष्टी उरल्या. एक दात राखाडी आहे. बाकीचे सगळे पिवळसर आहेत. उजव्या पटाशीच्या दाताचा कोपरा उडालेला आहे. आणि खालचे दात दाटीवाटीने वाकडे उगवले आहेत. चौथी गोष्ट फोटोत कशीबशी दिसत होती, चित्रफितीत मात्र बोलताना स्पष्ट दिसत होती, कारण वय वाढते तसा वरचा ओठ सैलावून खाली येतो आणि बोलताना खालचे दात अधिक दिसू लागतात.

ही यादी घेऊन मी पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेले. अशा ठिकाणी वेळ जातो. केसपेपर काढा, बाकावर बसा, एक विद्यार्थी तपासतो, मग त्याचे शिक्षक येऊन तेच पुन्हा तपासतात. मला मात्र तो दुहेरी तपास आवडला, कारण विद्यार्थ्याला प्रत्येक गोष्ट शिक्षकांना तोंडी सांगावी लागते आणि ती आपल्यालाही ऐकू येते. कापसाच्या बोळ्यावर थंडगार फवारा मारून तो त्याने एकेका दाताला लावला. शेजारच्या दातांत सणक गेली, राखाडी दाताला काहीच कळले नाही. बारीक खुणा असलेल्या सळईने हिरडी आणि दात यांमधली खोली मोजली आणि आकडे लिहून घेतले. मग शिक्षिकेने मला असा प्रश्न विचारला की जो माझ्या यादीच्या जवळपासही नव्हता: “सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का हो?”

दुखतो. मी त्याला उशीचा दोष समजत होते. माझ्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडा घासून सपाट झाल्या होत्या, आणि उजव्या दाताचा कोपरा उडण्याचे कारणही बहुधा तेच होते: मी झोपेत दात खाते. याशिवाय खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाचा जाड थर होता, दोन ठिकाणी हिरडी सळई लावताच रक्ताळत होती, आणि सुळ्यांच्या मुळाशी, कडक ब्रशने वर्षानुवर्षे आडवे घासल्यामुळे, पाचरीच्या आकाराच्या खाचा पडल्या होत्या. दिसण्याच्या तक्रारी घेऊन गेलेल्या माणसाला न दिसणाऱ्या तक्रारींची यादी हातात मिळाली, आणि ही दुसरी यादी संपल्याशिवाय पहिलीला हात लावता येणार नाही, असे सांगण्यात आले. सुजलेल्या, रक्ताळणाऱ्या हिरडीजवळ काहीही चिकटवले तर ते नीट चिकटत नाही, आणि सूज उतरल्यावर हिरडीची कड सरकली की जोड उघडा पडतो. हे कळल्यावर त्यात वाद घालण्यासारखे काही उरले नाही.

रंगाविषयी मला जे समजले ते थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांची तक्रार रंगाचीच असते आणि सर्वाधिक पैसेही त्यातच वाया जातात. दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. तो अर्धपारदर्शक असतो, आणि त्याच्या आतले डेंटिन मुळातच पिवळसर असते. आपल्याला दिसणारा दाताचा रंग हा बराचसा आतून झिरपणारा असतो. वयाबरोबर वरचे आवरण झिजून पातळ होते आणि आतले डेंटिन जाड होत जाते, त्यामुळे पन्नाशीचा दात विशीच्या दातापेक्षा पिवळा दिसणारच. सुळे तर जन्मजातच शेजारच्या दातांपेक्षा गडद असतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नष्ट होतात, म्हणून एकदा गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवले, तर लिंबू-मीठ, कोळशाची पावडर आणि राखुंडी यांचे काय करायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. ती घासून वरचा डाग जातो, पण त्याबरोबर वरचे आवरणही थोडे थोडे जाते आणि आतला पिवळेपणा अधिकच दिसू लागतो. पीएच हे आंबटपणाचे माप, आकडा कमी तितके आम्ल तीव्र; साधारण ५.५ पीएचच्या खाली एनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. आमच्या भागात वाइनची चव घेणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनाही ही काळजी घ्यावी लागते, कारण वाइनचा पीएच ३ ते ४ असतो; आंबट पदार्थानंतर लगेच ब्रश न करता आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

डाग बाहेरचा की आतला, हा पहिला फाटा. चहा, तंबाखू, पान, मशेरी आणि काही औषधी माउथवॉश यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. ते स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणे, आणि पॉलिशिंगने निघतात, आणि अनेकांना त्यापुढे काहीच करावे लागत नाही. आतले डाग वेगळे. दात जबड्यात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, टेट्रासायक्लिन गटातील औषधे दिली गेली असतील तर दातांवर करडे-तपकिरी आडवे पट्टे येतात, आणि ते साध्या ब्लीचिंगला, म्हणजे औषधाने दात उजळवण्याला, सहज दाद देत नाहीत. त्याच वयात पिण्याच्या पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले असेल, तर पांढरे ठिपके किंवा तपकिरी डाग उमटतात. भारतीय मानकांनुसार पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी-बोअरवेलांत ते याहून अधिक आढळते. आमच्या पॅकहाऊसमध्ये हंगामाला यवतमाळकडची एक मुलगी येते. तिच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून तिला “दात घासत जा” असे सांगणारे लोक मी ऐकले आहेत, आणि आता मला त्याची लाज वाटते. सौम्य ठिपक्यांवर वरचा अगदी पातळ थर औषधाने घासून काढणे किंवा त्यात राळेसारखे द्रव रेझिन मुरवणे असे उपाय असतात. डाग खोल असले तर मात्र व्हेनिअर हा उपाय खराखुरा उपयोगी पडतो.

माझा राखाडी दात तिसऱ्याच प्रकारचा निघाला. रामकुंडावर आपटल्यावर मुळाच्या टोकाशी असलेल्या रक्तवाहिन्या तुटल्या, आतला जिवंत गर मेला, आणि त्यातील रक्ताचे घटक विघटित होऊन डेंटिनच्या सूक्ष्म नलिकांत मुरले. दात बाहेरून मळलेला नसून आतून काळवंडला होता. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी मसुराएवढी काळी सावली होती, म्हणजे तेथे कधीही न दुखलेला जुना जंतुसंसर्ग शांतपणे बसून होता. पहिल्या दवाखान्याच्या पॅकेजनुसार हा दात तसाच झाकला गेला असता. वर पांढरे कवच, आत मेलेला गर, आणि टोकाशी वाढत जाणारी सावली. त्यातून गडद दाताची छटा पातळ व्हेनिअरमधून डोकावते, म्हणून ते जाड करावे लागते, आणि जाड करायचे म्हणजे दात अधिक घासायचा.

व्हेनिअर वाईट असते, असा समज मी पसरवू इच्छित नाही. ते दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे चिनी मातीचे, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे कवच असते. त्याला जागा करण्यासाठी सामान्यतः ०.३ ते ०.७ मिलिमीटर एनॅमल घासावे लागते. एनॅमलवर सौम्य आम्ल लावून ते सूक्ष्म खडबडीत केले की त्यावर रेझिन घट्ट धरते, हे १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले, आणि आजचे चिकटवण्याचे सगळे दंतशास्त्र त्या शोधावर उभे आहे. म्हणूनच व्हेनिअर एनॅमलवर चिकटले तर दहा-पंधरा वर्षे टिकते, आणि घासता घासता डेंटिन उघडे पडले तर पकड कमी होते. जन्मतः खुंटीसारखा बारीक राहिलेला दात, खोल डाग, मोठ्या प्रमाणावर झिजलेले दात, यांसाठी ते योग्य आहे. पण घासलेला दात पूर्ववत होत नाही. व्हेनिअर एकदा बसवले की आयुष्यभर बदलत राहावे लागते. कॅप बसवायची तर दात सर्व बाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी करावा लागतो, म्हणून केवळ रंगासाठी धडधाकट दातावर कॅप बसवणे मला तरी पटत नाही. झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या तोंडात तर या कवचांचे टवके उडण्याची शक्यता आणखी वाढते, आणि ते मला कोणी विचारलेच नव्हते.

मग ठरले ते असे की ज्या उपायात दात सर्वांत कमी घासला जातो तो आधी करून पाहायचा आणि तेथे काम भागले नाही तरच पुढच्या पायरीवर जायचे. स्केलिंग झाले, ब्रश मऊ झाला, तीन आठवड्यांनी हिरड्या तपासल्या तेव्हा रक्त येणे थांबले होते. राखाडी दाताचे रूट कॅनाल झाले. त्यानंतर सगळ्या दातांचे घरगुती ब्लीचिंग. माझ्या दातांच्या मापावरून बनवलेल्या पातळ पारदर्शक साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून तो रात्री लावायचा. या जेलमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकी मात्रा तयार होते, तर दवाखान्यात तासाभरात उजळवून देतात त्यात ती २५ ते ४० टक्के असते. मला घाई नव्हती. चौथ्या रात्रीपासून माठाचे पाणीही दातांना झोंबू लागले, तेव्हा एक दिवसाआड लावायला सांगण्यात आले आणि झोंबणे आटोक्यात आले. त्या पंधरवड्यात चहा कमी करा आणि हळदीचे जरा जपून, असा सल्ला होता. नाशिकमध्ये राहून रविवारी मिसळ न खाणे आणि दुपारी दही-भातावर भागवणे ही या साऱ्या उपचारांतील सर्वांत अवघड पायरी होती, असे माझ्या घरातील माणसे साक्षीसह सांगतील.

रंग मोजण्याची पद्धत पाहून मला माझ्या कामाची आठवण झाली. छोट्या कृत्रिम दातांची सोळा नमुन्यांची एक पट्टी असते. ए, बी, सी, डी हे छटांचे गट, आणि आकडा वाढेल तसा रंग गडद. डॉक्टर मॅडमनी मला खिडकीजवळ नेले, लिपस्टिक पुसायला लावली, आणि तोंड उघडताच पहिल्या काही क्षणांत नमुना दाताशेजारी धरला, कारण तोंड उघडे राहून दात वाळला की तो खोटाच पांढरा दिसू लागतो. मी ए ३.५ वर होते, दोन आठवड्यांनी ए २ वर आले. त्याहून पुढे जाता आले असते. पण डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले की ते चेहऱ्यापासून सुटे दिसतात, असे त्या म्हणाल्या आणि मला ते पटले.

राखाडी दात मुद्दामच शेवटी घेतला, म्हणजे बाकीच्यांचा रंग ठरल्यावर याला त्यांच्यापर्यंत आणता येईल. रूट कॅनालमधल्या भरणावर आधी सिमेंटचा एक घट्ट थर दिला, कारण ब्लीचचे औषध मुळाच्या मानेपर्यंत झिरपले तर मूळ बाहेरून खाल्ले जाण्याचा धोका असतो. मग दाताच्या मागच्या बाजूच्या छिद्रातून सोडियम परबोरेटचा ओला लगदा आत भरून तात्पुरते बंद केले. दर आठवड्याला तो बदलायचा. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही आणि मी मनातून खट्टू झाले. दुसऱ्या आठवड्यात दाताची कड उजळली, तिसऱ्यानंतर तो शेजाऱ्यापेक्षा किंचितच गडद उरला, आणि तेथे आम्ही थांबलो.

ब्लीचिंगनंतर दोन आठवडे काहीही चिकटवत नाहीत, कारण दातात अडकलेला ऑक्सिजन रेझिनची पकड बिघडवतो. ते दोन आठवडे संपल्यावर उडालेल्या कोपऱ्यावर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे रेझिनचे भरण, लावले. हे काम मी छोट्या आरशात पाहू दिले जावे असा हट्ट धरला. दातांभोवती निळ्या रबराचा पडदा ताणला गेला. आम्ल अर्धा मिनिट, धुणे, चिकटद्रव्य, आणि मग तांदळाच्या दाण्याएवढा लगदा, आधी दुधी रंगाचा आणि त्यावर जवळजवळ पारदर्शक, बारीक ब्रशने ओढून बसवलेला. प्रत्येक थरावर निळा प्रकाश. माझ्या शेजारच्या दाताच्या कडेला एक अगदी पुसट निळसर पट्टा आहे, तो मला कधी माहीत नव्हता. डॉक्टरांनी तो या नव्या कोपऱ्यातही उतरवला. भूल द्यावी लागली नाही, दात घासावा लागला नाही. हे काम पाच-सात वर्षांनी पुन्हा करावे लागेल, मधूनमधून पॉलिश करावे लागेल, आणि हळद त्यावर एनॅमलपेक्षा लवकर चढेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले. रात्रीसाठी कडक प्लास्टिकचे संरक्षक आवरण बनवले. ते बसवल्यापासून सकाळचा जबडा हलका असतो.

खालच्या दाटीवाटीचे मात्र मी काहीच केले नाही. तारा किंवा पारदर्शक साचे या वयातही चालतात, हिरड्या निरोगी असल्या की झाले. पण वर्ष-दीड वर्ष उपचार आणि त्यानंतर दात मूळ जागी सरकू नयेत म्हणून कायम रात्री रिटेनर, एवढे करण्याइतका मला त्या दातांचा त्रास वाटत नाही. फक्त तेथे कीटण लवकर साचते, म्हणून दर सहा महिन्यांनी स्केलिंग करायचे ठरले आहे.

याच सुमारास माझ्या भाचीचे वैशाखातले लग्न ठरले. तिची तक्रार वेगळी होती: हसताना वरची हिरडी फार दिसते. तिला कोणीतरी पुढच्या दातांना व्हेनिअर लावून दात लांब करण्याचा सल्ला दिला होता. हिरडी दोन-तीन मिलिमीटर दिसणे अगदी सर्वसाधारण आहे, हिची पाचाच्या वर दिसते. पण या एकाच दोषामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात, हे मला तिच्याबरोबर बसल्यावर कळले. वरचा ओठ आखूड असू शकतो. ओठ वर खेचणारे स्नायू जास्त जोर लावत असतील. वरचा जबडाच उभ्या दिशेने अधिक वाढलेला असू शकतो. किंवा दात पूर्ण लांबीचे असूनही हिरडी त्यांच्यावरून पुरेशी मागे सरकलेली नसते. स्नायूंसाठी बोटॉक्सचे इंजेक्शन असते आणि त्याचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो; जबड्यासाठी शस्त्रक्रिया असते; आणि शेवटच्या प्रकारात हिरडीची कड नीट आखून घेतली की काम होते. भाची शेवटच्या प्रकारात बसली. तिचे दात आखूड नव्हतेच, त्यांचा वरचा चतुर्थांश हिरडीखाली लपला होता. हिरडीरोगतज्ज्ञांनी एका बैठकीत ते केले. मधल्या दोन दातांतली बारीक फटही बुजवून घ्यावी का, असा तिचा प्रश्न होता. दातात फट असलेली माणसे नशीबवान असतात, असे म्हणून तिच्या होणाऱ्या सासूबाईंनीच तो निकालात काढला. लग्नाला दोन महिने असताना गेल्यामुळे हिरडी भरून यायला वेळ मिळाला. पंधरा दिवस आधी गेली असती तर फोटोत हिरडी लालच दिसली असती.

डॉक्टर निवडण्याविषयी विचारणा होते म्हणून एवढेच लिहिते की आपल्याकडे एमडीएस ही दंतशास्त्रातील पदव्युत्तर पदवी नऊ विषयांत मिळते, त्यांत ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट्री’ असा विषय नाही. पाटीवर तसे लिहिलेले असले तर मूळ पदवी कशातली आहे हे विचारावे. कॅप-व्हेनिअरसाठी प्रोस्थोडॉन्टिस्ट, रूट कॅनाल आणि कॉम्पोझिटसाठी कॉन्झर्व्हेटिव्ह विभागाचे, दात सरळ करण्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्ट आणि हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट. व्हेनिअरच घ्यायचे ठरले तरी दात घासण्याआधी त्यावर तात्पुरत्या रेझिनचा नमुना चढवून दाखवता येतो. तो लावून घरी यावे, जेवावे, बोलून पाहावे. पडद्यावरच्या चित्राला ‘स’ आणि ‘फ’ म्हणता येत नाही. आणि केवळ दिसण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मेडिक्लेममधून सहसा मिळत नाही, हा हिशेब आधीच करावा.

माझा दात उजळल्याचे पाहून सर्वांत अधिक चौकशी आईने केली. ती चाळीस वर्षे मशेरी लावत आली. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो खमंग-कडवट वास आणि तिची पितळी डबी हे माझ्या लहानपणाचे सामान आहे. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, हे तिला समजावता समजावता आम्ही थकलो होतो. दात काळे दिसतात, हे मात्र तिला नातीच्या साखरपुड्याचे फोटो पाहून लागले आणि तिने डबी स्वतःहून माझ्या हातात दिली. स्केलिंगला ती घाबरत होती, कारण सफाई केली की दात हलू लागतात, हे तिने तिच्या सासूपासून ऐकले होते. डॉक्टर मॅडमनी तिला आरसा दिला आणि कीटणाचा एक खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. दात आधीच सैल झालेले असतात, कीटण त्यांना नुसते टेकू देऊन उभे ठेवते आणि त्याच वेळी खालचे हाड झिजवत असते, असे त्या म्हणाल्या. आईने तो खडा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. पुढचे आठ दिवस दातांत वारा शिरतो, जिभेला पोकळ लागते, अशी तिची तक्रार चालली होती. आता ती जेवणानंतर चूळ भरून आरशासमोर उभी राहते आणि डाव्या सुळ्यावर उरलेला तपकिरी ठिपका पुढच्या खेपेला निघेल का, असे मला रोज एकदा विचारते.